बिनछापाच्या बंदुका

माझे वडील बंदुका दुरुस्त करायचे. असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाघ, मचाण, बूटवाले शिकारी उभे राहतात. आमच्या पडवीत तसलं कुणी कधी आलं नाही. यायचे ते खाडीकाठचे आणि डोंगराच्या पायथ्याचे शेतकरी, आणि त्यांच्या खांद्यावर असायच्या ठासणीच्या बंदुका. भात पोटरीला आलं की रानातून डुकरं उतरायची. खायची थोडं, तुडवायची फार. म्हणून पिकाच्या रक्षणासाठी काही घरांना बंदुकीचा परवाना असे. बंदूक म्हणजे तरी काय, एक लांब लोखंडी नळी. तिच्या तोंडातून दारू ओतायची, वर नारळाच्या सोडणाचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि हे सगळं गजानं ठासायचं. मागे तांब्याची एवढीशी केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर पडे, केप पेटली की दारू पेटे. बाहेरच्या जगात ही तऱ्हा कधीच मागे पडली होती हे मला पुढे कळलं. आमच्याकडे ती चालू होती, कारण ती गावात दुरुस्त होत होती.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. घरची लोहारकी, कोयते, फाळ, विहिरीचे आकडे हेच मुख्य काम. बंदुकीचं काम ते शिकले होते खाडीपलीकडे, दिघीच्या अंगाला राहणाऱ्या एका वृद्ध मुसलमान कारागिराकडे. दादा त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून आम्हीही. उस्ताद नुसत्या दुरुस्त्या करत नसत, नवी बंदूक घडवत. संस्थानच्या काळात त्यांना कुणी कधी अडवलं नव्हतं.

दादांच्या हाताखालून तीन प्रकारच्या बंदुका जायच्या. पहिल्या अस्सल विलायती, कुणाच्या तरी पणज्यानं कुणा गोऱ्याकडून घेतलेल्या. दुसऱ्या उस्तादांच्या, त्याच विलायती बंदुकीवरून बेतलेल्या. तिसऱ्या बाजारी. त्याही नक्कलच, पण कुठल्यातरी शहरातल्या दुकानातून आलेल्या.

बाजारी बंदूक दिसायला सगळ्यांत सुरेख. लाकडी दस्त्याला तांबूस चकाकी, नळीला काळाभोर रंग, आणि नळीवर ठसठशीत इंग्रजी अक्षरं: लंडन. दादांना इंग्रजी येत नव्हतं. मी शाळा शिकलेली, तेव्हा वाचून दाखवायचं काम माझं. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की त्यातला एक एन उलटा आहे. दादांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अक्षर उलटं असूं दे गो. नळी सुलटी असती तरी पुष्कळ झालं असतं."

मग त्यांनी मला नळी कशी बघायची ते दाखवलं. दस्त्यापासून सोडवलेली नळी दोरीनं टांगायची आणि खिळ्यानं हलकेच ठोकायची. विलायती नळी देवळातल्या घंटेसारखी वाजत राहायची. उस्तादांची जरा खालच्या सुरात, पण तितकाच वेळ. बाजारी नळी एकदाच 'ठक्' करून गप्प व्हायची. ती मुळात पाण्याच्या पाइपाची होती. लांबीभर सांधा, वरून रंग. मागचं तोंड बंद करायला विलायतीत आणि उस्तादांच्यात आट्यांचा जाड पेच असे. बाजारीत नुसती वितळवलेल्या पितळेची झाळ. घोडा चढवतानाही फरक कळे. चांगल्या बंदुकीत दोन टिचक्या ऐकू यायच्या, एक अर्ध्यावर, एक पूर्ण चढल्यावर, आणि अर्ध्यावर ठेवलेला घोडा कितीही हलवला तरी पडायचा नाही. बाजारीतली पहिली टिचकी ऐकू यायची, पण तिच्यावर विश्वास ठेवून बंदूक खांद्यावर टाकणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

उस्ताद बैलगाडीच्या चाकांच्या झिजलेल्या लोखंडी धावा घेत. त्या तापवून त्यांच्या पट्ट्या ओढत, पट्ट्या सळईभोवती वेणीसारख्या गुंडाळत, आणि पुन्हा तापवून, ठोकून ते सगळं एकजीव करत. एका नळीला महिना लागे. नळी झाली की तिच्यात दुप्पट दारू भरून ती फणसाच्या बुंध्याला बांधायची, चापाला सुतळी लावायची, आणि दगडी गडग्याआड बसून ओढायची. एवढं सोसलं तरच ती गिऱ्हाइकाला मिळे. त्यांच्या नळीवर जवळून पाहिलं तर पाण्यावर वारा आल्यासारख्या बारीक रेघा दिसायच्या. छाप मात्र नसे. नाव नाही, खूण नाही, काहीच नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "उस्ताद, तुम्ही नाव का नाही घालत?"

ते म्हणाले, "ज्या बंदुकीवरून मी शिकलो, तिच्यावरचं नाव घासून गेलेलं. ज्याची अक्कल त्याचं नाव मला ठावं न्हाय, आणि मी केली नक्कल. मंग घालूं कुणाचं?"

संस्थान विलीन होऊन तीनचार वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि गावच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीची सुट्टी लागली त्याच आठवड्यात दवंडी आली. सगळ्यांनी आपल्या ठासणीच्या बंदुका तालुक्याच्या कचेरीत तपासणीसाठी जमा करायच्या. भात नुकतं पिवळं पडत होतं. लोक कुरकुरले, पण दोनचार दिवसांचा प्रश्न, म्हणून बैलगाडीतून, कुणी खांद्यावर, बंदुका नेऊन टाकल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीचा शिपाई आमच्याकडे आला. जिल्ह्याहून साहेब आले आहेत, त्यांना बंदुकीतलं जाणणारा माणूस हवा आहे. दादांना मोडी वाचता यायची, पण लिहायला हात वळत नसे. म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले.

साहेब चाळिशीचे, चष्मा लावणारे, हळू बोलणारे होते. दादांना त्यांनी खुर्ची दिली. दादा आधी बसेचनात. साहेबांनी माझ्यापुढे छापील तक्ते ठेवले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता, अक्षर चांगलं असणार. वडील बंदूक बघतील, तुम्ही लिहा."

तक्त्यात रकाने होते. मालकाचं नाव, गाव, परवान्याचा क्रमांक, नळीची लांबी, बनवणाऱ्याचं नाव, शेरा. मी पहिल्या बंदुका लिहू लागले. तीन विलायती होत्या, त्या सोप्या गेल्या. चौथी उस्तादांची होती. दादांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "एक नंबर." मी विचारलं, "बनवणाऱ्याचं नाव?" दादांनी बंदूक साहेबांकडे दिली. साहेबांनी नळी उजेडाकडे धरून फिरवून पाहिली. "छाप नाही. 'नाही' लिहा."

मी 'नाही' लिहिलं. त्या दिवशी तो शब्द पंधरावीस वेळा लिहिला असेल. दुपारी चहाच्या वेळी दादांनी सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, हे 'नाही' लिहिलेल्यांचं काय व्हायचं?"

साहेबांनी एक कागद काढून वाचून दाखवला. ज्या बंदुकीवर बनवणाऱ्याचा छाप आहे ती मालकाला परत. ज्या बंदुकीवर नाही, ती परवान्याशिवाय घडवलेली समजून तोडून टाकायची.

दादांनी कपातला चहा बशीत ओतला होता, तो तसाच राहिला. मग ते उठले आणि साहेबांपुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, हे उलटं होतंय."

"म्हणजे?"

"जी फुटायची ती परत जाणार आणि जी कधी फुटायची न्हाय ती तुम्ही तोडणार."

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "दाखवा मला."

दादांनी एक बाजारी नळी सोडवली. तिचं केपेखालचं बारीक भोक मेणानं बुजवलं, शिपायाकडून घासलेट मागवलं आणि नळीत ओतून ती भिंतीला टेकवून उभी केली. दुसरी उस्तादांची, तिलाही तसंच. आम्ही चौघं, साहेब, शिपाई, दादा आणि मी, त्या दोन नळ्यांकडे बघत बसलो. पाव तास गेला असेल. 'लंडन'वाल्या नळीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक सरळ ओली रेघ उमटली आणि तिच्यातून घासलेटचे थेंब जमले. उस्तादांची नळी कोरडी होती. शिपाई नकळत "अरे बापरे" म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. नळीला बोट लावून वास घेतला. म्हणाले, "तुमचं खरं आहे." मग माझ्यापुढचा तक्ता ओढून घेतला आणि रकान्यांवरून बोट फिरवलं. "पण मी लिहू कुठे हे? नळी चांगली की वाईट, असा रकानाच नाही."

"शेरा आहे ना," मी म्हटलं.

"शेऱ्यात लिहा," ते म्हणाले, आणि मला त्यांनी शब्द सांगितले: नळीस सांधा आहे, वापरण्यास धोकादायक. प्रत्येक बाजारी बंदुकीपुढे मी ते लिहिलं. त्यांनी वर एक पत्रही लिहिलं, की निकष बदलावा, तोवर तोडणं थांबवण्याची परवानगी मिळावी. पत्र त्याच संध्याकाळी रवाना झालं. पण आपल्याला तिसऱ्या दिवशी काम संपवून निघायचंय, हेही त्यांनी सांगितलं. उत्तर तेवढ्यात येईल असं त्यांनाही वाटत नव्हतं.

कचेरीच्या बाहेर लोक बसले होते. वरच्या पाड्यावरचे काका त्यांच्यात होते. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांची बंदूक उस्तादांची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. ते म्हणाले, "बाई, तुमीच लिवता न्हवं? मंग लिवा की कायतरी नाव. कोन वाचतंय?"

मी म्हटलं, "काका, कागदावर लिहून चालत नाही. बंदुकीवर असायला हवं."

"मंग दादा, तुमच्याकडं अक्षरांचे छिन्नी-ठसे हाईत. ठोकून टाकायचे."

"बंदुका आता कुलपात आहेत," दादा म्हणाले. जरा थांबून त्यांनी पुढे म्हटलं, "कालपर्यंत ठावं असतं, तर ठोकलेही असते."

ज्या माणसानं बाजारी बंदुकीवरच्या खोट्या नावाला आयुष्यभर नावं ठेवली, तोच आता हे म्हणत होता.

घरी येताना वाटेत दादांनाच ती कल्पना सुचली. बनवणाऱ्याचं नाव हवं ना? मग बनवणाराच आणू. उस्ताद स्वतः येऊन सांगतील, ही माझी, ही माझी. साहेब भला माणूस आहे, ऐकेल. मलाही ते पटलं. आम्ही दोघांनीही पुढचा विचार केला नाही. आज वाटतं, निदान मी तरी करायला हवा होता. शाळा मी शिकले होते.

सकाळी आम्ही आगरदांड्याहून होडीनं पलीकडे गेलो. उस्ताद अंगणात उन्हाला बसले होते. डोळे जवळजवळ गेलेले. दादांचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला. सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "येवढंच ना? चला. माझं लेकरू हाय तर माझं म्हनायला काय लाज?"

सून म्हणाली, "अब्बा, कचेरीत कशाला?" त्यांनी तिच्याकडून धुतलेला सदरा आणि टोपी मागून घेतली. येताना होडीत ते बराच वेळ खूष होते. माझ्या हाताचा आधार होता तरी दोनदा म्हणाले, "किती वरसांनी खाडी ओलांडतोय, पोरी."

कचेरीत साहेब उठून उभे राहिले. दादांनी एकेक बंदूक उस्तादांच्या हातात दिली. ते नळीवरून अंगठा फिरवत, घोडा चढवून टिचकी ऐकत, दस्त्याचा गोलवा तळव्यात घेत. "ही पायथ्याच्या खोताची. हिचा दस्ता दोनदा केला, पयला चिरला." "ही बघा, ही माझ्या लग्नाच्या साली." एक बाजारी दादांनी मुद्दाम मध्येच दिली. ती उस्तादांनी नुसती तोलली आणि परत केली. "ही न्हाय. ह्यो नळ हाय, नळी न्हाय." शिपाईसुद्धा हसला.

मग त्यांच्या हातात एक जराशी नवी बंदूक आली. ते ओळखून म्हणाले, "ही शेवटची. डोळं जायच्या आदी. गेल्या—"

"बाबा," साहेब एकदम म्हणाले.

साहेब उठले, दार लोटून आले आणि उस्तादांच्या समोर बसले.

"बाबा, तुम्हाला बंदूक घडवायचा परवाना आहे?"

"परवाना? न्हाय साहेब. कुणी मागितला न्हाय कदी."

"संस्थान गेल्यावर केलेली असली, तर तो गुन्हा आहे. त्याआधीची असली तरी मला चौकशी लावावी लागेल. तुम्ही सांगितलं, मी ऐकलं, की मला लिहावं लागतं." ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही आत्तापर्यंत काही लिहिलंत?"

मी पेन खाली ठेवलं. पहिल्या दोन बंदुकांपुढे मी 'नाही' खोडून उस्तादांचं नाव लिहिलं होतं. इतक्या उत्साहानं लिहिलं होतं, की शाई अजून ओली होती.

साहेबांनी तो कागद घेतला, दुमडला आणि खिशात घातला. दुसरा कोरा तक्ता माझ्यापुढे ठेवला. "हे बाबा तुमचे पाहुणे आहेत. कचेरी बघायला आले होते. काही बोलले नाहीत. कळलं?"

दादा म्हणाले, "कळलं, साहेब."

उस्तादांना मात्र कळत नव्हतं. ते आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाले, "पन साहेब, मी केल्यात. खोटं कशाला बोलू? माझ्याच हाताच्या हाईत."

"उस्ताद, चला," दादा म्हणाले. "चला आता."

"नाव लिवलं का रे?"

मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. आपण एका आंधळ्या माणसाला धुतलेला सदरा घालून तुरुंगाच्या दारापर्यंत आणलं होतं, आणि तिथून त्याला परत पाठवलं ते आम्ही नव्हे, साहेबांनी. त्या साहेबांवर रागावावं असं काहीच हाती लागत नव्हतं. तेच मला सगळ्यांत जड गेलं. कुणी उर्मट भेटला असता तर निदान भांडता आलं असतं.

उस्तादांना होडीत बसवून त्यांच्या ओळखीच्या नावाड्याबरोबर पाठवलं. मी परत आले, आणि नव्या तक्त्यावर परत पहिल्यापासून लिहिलं. नाही. नाही. नाही.

तिसऱ्या दिवशी तोडायचं काम. तालुक्यात लोखंड पकडायचा चांगला शिकंजा दादांकडेच होता. साहेबांनी शिपायाकडून निरोप न पाठवता स्वतः विचारलं. म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो घणानं ठेचेल. तुम्हाला नको असेल तर नको म्हणा."

दादा म्हणाले, "मीच करतो."

कचेरीच्या मागच्या ओट्यावर शिकंजा बसवला. लोखंडाची करवत आणली. दादा प्रत्येक नळी मधोमध कापत. मी तेवढा वेळ तिथे नसते तरी चाललं असतं, पण मला उठवेना. उस्तादांच्या लोखंडावर करवतीची पाती एकामागून एक बोथट होत होती. एका नळीला एक पातं जाई, कधी दीड. दादांचा सदरा पाठीला चिकटला होता. लोक कुंपणापलीकडून बघत होते. वरच्या पाड्यावरच्या काकांच्या बंदुकीची पाळी आली तेव्हा ते पुढे येऊन म्हणाले, "दादा, दस्ता तरी द्या. पोरींना खेळायला व्हईल." दादांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. दस्ता काकांना मिळाला.

बाजारी बंदुका, घासलेट गाळलेल्या त्या नळीसकट, मालकांना सही-अंगठ्यावर परत दिल्या. दादा प्रत्येकाला सांगत होते, "अर्धीच दारू घाला. ऐकलंत? अर्धी." ते नुसती मान डोलावत. बंदूक परत मिळाल्याच्या आनंदात होते बिचारे.

साहेबांच्या पत्राचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. कचेरीतल्या कारकुनानं मला बोलावून वाचून दाखवलं. शेरे पाहिले, छाप असलेल्या बंदुकांबाबत पूर्वीचाच हुकूम कायम. साहेबांची तोवर बदली झाली होती.

त्या वर्षी पायथ्याची भातं डुकरांनी चिखल केली. लोकांनी पत्र्याचे डबे वाजवले, झावळ्यांच्या चुडी पेटवल्या. काकांनी दोन वर्षं तसंच काढलं. तिसऱ्या वर्षी गावातला एकजण मुंबईला गिरणीत लागला, त्याची बाजारी बंदूक त्यांनी रीतसर आपल्या नावावर करून घेतली आणि दाखवायला आमच्याकडे आणली. मी घरात होते. दादांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"ही वापरू नको."

"मंग काय करू सांगा तुमी."

विलायती मिळत नव्हती, उस्ताद आदल्या वर्षीच वारले होते. दादा स्वतः नवी नळी घडवू शकले असते, पण तो रस्ता कुठे जातो हे आम्ही पाहिलं होतं. शेवटी त्यांनी ती बंदूक घेतली, मागच्या पितळी झाळेवर वरून एक लोखंडी कडं तापवून चढवलं, आणि दारूचं एक माप करून दिलं. बांबूच्या पेराचं, लहानसं. "याच्या वर एक चिमूट न्हाय."

"न्हाय वो," काका म्हणाले.

त्यांनी मापाबाहेर दारू घातली नव्हती, हे मी खात्रीनं सांगते, कारण ते पुढे मरेपर्यंत तसंच सांगत आले आणि खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कापणीच्या आठवड्यात, दिवेलागणीला, त्यांनी पाचव्यांदा की सहाव्यांदा ती उडवली. कडं राहिलं. नळी सांध्यावर उकलली, शेंग उकलावी तशी, जिथं डावा हात होता तिथंच.

बैलगाडी थेट आमच्या दारात आली. डॉक्टरकडे न्यायचं सोडून आमच्याकडे का, असं मी ओरडलेच. त्यांची बायको म्हणाली, "त्येच म्हनले, दादांकडं चला." काकांचा हात लुगड्यात गुंडाळलेला, लुगडं लालभडक. चेहरा दारूच्या धुरानं काळा. शुद्धीवर होते. दादांना बघून म्हणाले, "दादा, माप तुमचंच व्हतं. चूक न्हाय झाली माझी."

दादा म्हणाले, "न्हाय रे. तुझी न्हाय."

दादा गाडीत चढले, मीही. दवाखान्यात काकांची तीन बोटं काढावी लागली. डावा डोळा राहील असं काही दिवस वाटलं, मग तोही गेला. पोलीस जबाब घ्यायला आले. बंदूक परवान्याची, छापाची, तपासलेली. कागदोपत्री कुणाचीच चूक निघाली नाही. तपासणीच्या तक्त्यात माझ्याच अक्षरातला शेरा होता, 'वापरण्यास धोकादायक'. तो जमादारानं मला दाखवला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हटलं.

"मग बंदूक परत कशी दिली?"

मी त्याला रकान्यांबद्दल सांगायला लागले. थोडं ऐकून त्यानं वही मिटली.

त्यानंतर दादांनी बंदुकीचं काम सोडलं. दुरुस्तीचा परवाना कचेरीत जाऊन परत केला. कारकून म्हणाला, ठेवा की, कशाला देता? दादा म्हणाले, "डोळे गेले." त्यांचे डोळे चांगले होते. मग शेवटपर्यंत त्यांनी होड्यांसाठी लागणारे लांब खिळे केले. ते काम त्यांना आवडलं नाही, पण जमलं. उस्तादांचं नाव घरात कुणी काढलं की ते उठून भट्टीकडे जात. फक्त एकदा, आजारपणात, मला म्हणाले, "त्यांना आपण सांगितलंच न्हाय, बंदुका कापल्या म्हणून." खरंच सांगितलं नव्हतं. उस्ताद वारले ते आपलं नाव कागदावर लागलं असं समजून. की नाही? मी त्यांच्या सुनेला विचारायला जाणार होते. गेले नाही.

माझं लग्न झालं, पालीकडच्या शाळेत बदली झाली. साठ सालानंतर कधीतरी एका प्रशिक्षणाला परत तिकडे जाणं झालं, तेव्हा वरच्या पाड्यावर गेले. काका ओट्यावर बसून उजव्या हातानं सुंभ वळत होते, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. आधी त्यांनी मला ओळखलं नाही, मुलीनं सांगितलं तेव्हा ओळखलं. चहा झाला. मुलींची लग्नं, जावई, सगळं बोलून झालं. मी विचारलं, "काका, पायथ्याचं शेत कोण करतं आता?"

"कोन न्हाय," ते म्हणाले. "टाकलंय. डुकरां हाईत ना."

मग ते म्हणाले, ऊन कलायच्या आत निघा, शेवटची गाडी चुकायची. मुलगी मला वाटेला लावायला आली. पायथ्याशी ते शेत दिसलं. बांध ढासळले होते, गवत कमरेएवढं वाढलं होतं. तिथूनच ती परत फिरली, मी गाडीकडे.